पिकअपचे कूलंट घरी बदलल्यावर आत हवा अडकली असावी. मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या डिझेल पिकअपमधून मी खेड शिवापूरहून मार्केट यार्डात कांदा आणतो. गेल्या रविवारी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरच्या खालची प्लॅस्टिकची चावी सैल करून मी जुने कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) घमेल्यात काढले. ते हिरवे राहिलेच नव्हते, चहासारखे तांबूस झाले होते आणि तळाशी गंजाचा गाळ बसला. पुस्तिकेत क्षमता ७.५ लिटर असताना बाहेर आले जेमतेम ४.५ लिटर, म्हणजे उरलेले ब्लॉकमध्ये (इंजिनच्या मुख्य ओतीव भागात) व हीटरच्या नळ्यांत राहिले असणार. तरीही घाई करून मी नवे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून भरले. (बोअरचे पाणी घालण्याचा मोह आवरला, एवढे तरी बरे.)

आता कात्रजच्या चढावर तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर सरकतो आणि गाडी उभी असताना हीटरमधून गार वारा येतो. गाडीचे तोंड चढाकडे करून, थंड असतानाच झाकण काढून, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवावे, की वरची नळी सैल करून हवा काढावी? ब्लॉकचा ड्रेन बोल्ट गंजलेला आहे. त्याला हात न लावता डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुतले, तर आत उरणाऱ्या पाण्याचा हिशेब धरून शेवटी शुद्ध (पाणी न मिसळलेले) कूलंट किती लिटर घालावे?

काढलेले कूलंट झाकणबंद कॅनमध्ये ठेवले आहे. ते चवीला गोड पण विषारी असते आणि आमच्या गल्लीत कुत्री पुष्कळ आहेत, म्हणून गटारात ओतणार नाही. पुण्यात ते कोठे स्वीकारतात, हेही कृपया कळवावे.