शुनःशेपाला निवड होती का?

प्रश्न

ऐतरेय ब्राह्मण या ऋग्वेदाच्या यज्ञविषयक ग्रंथाच्या सातव्या पंचिकेतील (विभागातील) शुनःशेपाचे आख्यान वाचताना मी एका जागी थांबले आहे. पुत्र झाल्यास तोच अर्पण करीन, असे हरिश्चंद्र वरुणाला कबूल करतो आणि दात येऊ देत, पडू देत, अशी मुदत मागत राहतो. त्याचा मुलगा रोहित मात्र कळता झाल्यावर धनुष्य घेऊन सरळ रानात निघून जातो. त्याच्याऐवजी उपाशी अजीगर्त ऋषीचा मधला मुलगा शुनःशेप 100 गायींना विकत घेतला जातो, कारण थोरल्याला बाप सोडीना आणि धाकट्याला आई. विधीने बांधलेल्या या कल्पित समाजात निवड केवळ राजपुत्रालाच आहे का?

पहिला प्रतिसाद

मला ऋत्विजांचे, म्हणजे यज्ञ चालवणाऱ्या पुरोहितांचे, वागणे अधिक अस्वस्थ करते. विश्वामित्र, जमदग्नी, वसिष्ठ आणि अयास्य यज्ञाला बसलेले असताना त्या पोराला यूपाला (बळीच्या खांबाला) बांधायला कोणी मिळत नाही, पण यज्ञ थांबवा, असेही कोणी म्हणत नाही. अखेर आणखी 100 गायी घेऊन बापच त्याला बांधतो आणि आणखी 100 घेऊन शस्त्र परजत पुढे येतो.

दुसरा प्रतिसाद

हे मान्य आहे, परंतु शुनःशेप स्वतः काय करतो, तेही पाहावे. तो विधी मोडत नाही. देवांना एकामागून एक आळवतो, आणि उषेच्या ऋचांबरोबर त्याचे पाश गळत जातात, वरुणाच्या कोपाने फुगलेले हरिश्चंद्राचे पोटही ओसरते. त्या दिवसाचा यज्ञ मग तोच पुरा करतो. नंतर बाप परत बोलावतो, तेव्हा तो म्हणतो, ‘गवां त्रीणि शतानि त्वमवृणीथा मत्’, म्हणजे माझ्याऐवजी तू तीनशे गायी निवडल्यास. निवडीचे क्रियापद तो बापाला लावतो आणि आपण विश्वामित्राचा पुत्र होतो. माझ्या मते आख्यानाचा गाभा हाच आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

‘अवृणीथाः’कडे माझे लक्षच गेले नव्हते, आभारी आहे. तरी एक गोष्ट राहतेच. विश्वामित्राच्या 101 पुत्रांपैकी मधुच्छंदस या मधल्या पुत्राहून थोरल्या 50 जणांना शुनःशेपाचे ज्येष्ठत्व मान्य नव्हते, आणि तेवढ्यासाठी त्यांना शाप मिळाला. आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद हे सीमेवरचे लोक त्यांचेच वंशज ठरवले गेले. राजसूयात, म्हणजे राज्याभिषेकाच्या यज्ञात, अभिषेकानंतर सोन्याच्या आसनावर बसून ‘होता’ हा ऋचा म्हणणारा पुरोहित राजाला हे आख्यान सांगत असे, तेव्हा या पन्नासांचा नकारही राजाच्या कानी पडत होता.