मदत हवी आहे: हेडलाइट पिवळट-धुरकट झालेत, टूथपेस्टचा इलाज दोन महिनेही टिकला नाही (नाशिक)

सिडकोकर:
मंडळी, मदत हवी आहे. गाडी २०१३ ची हॅचबॅक, उभी असते उघड्यावर, तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारचं ऊन थेट हेडलाइटवर. दोन्ही काचा वरच्या बाजूने पिवळ्या पडल्यात, उजवीच्या वरच्या कडेला पापुद्रे सुटतायत. टूथपेस्टने घासल्यावर उजळल्या होत्या, दोन महिन्यांत परत तशाच. रात्री पावसात कसारा घाट उतरताना रस्त्याच्या कडेचा पट्टा दिसत नाही, म्हणून पावसाळ्याआधी काम उरकायचंय. एका दुकानात कपातून वाफ देऊन पाच मिनिटांत काच नवी करून देतो म्हणाले. ते करावं का? घरीच करायचं तर वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर) कोणत्या नंबरपासून? आणि शेवटी वॅक्स पुरतं की क्लिअर (पारदर्शक लॅकरचा थर) मारावाच लागतो? बफिंग मशीन नाही, ड्रिल आहे.

वॉटरपेपर:
आधी काच ओली करून बघा. ओली असताना आरपार स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर धुरकट झाली, तर दोष बाहेरच्या बाजूला आहे आणि घरी नीट होईल. ओली असतानाही धुरकटच राहिली, तर आतून धूळ-ओल बसली आहे किंवा प्लास्टिकमध्येच बारीक तडे गेलेत. मग बाहेरून कितीही घासा, फरक पडणार नाही.

आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं, म्हणून कारखान्यातच त्यावर पातळ, कडक संरक्षक थर चढवलेला असतो. तुमच्याकडे पापुद्रे सुटतायत ते त्या थराचे. टूथपेस्टने वरवरचा पिवळेपणा निघतो, अर्धमेला थर तसाच राहतो आणि उरलेलं प्लास्टिक उघडं पडतं. म्हणून जुना थर पूर्ण काढायचा आणि नवा चढवायचा, ही दोन खरी कामं. नवा चढवला नाही तर काच पहिल्यापेक्षा लवकर पिवळी पडते.

वाफेचं अजिबात करू नका. त्या कपात बहुतेक वेळा डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म जातीचं द्रावण असतं. ते प्लास्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवतं, ओरखडे बुजतात आणि लगेच चमक येते. उन्हापासून संरक्षण मात्र काहीच मिळत नाही, वाफ विषारी असते, आणि पुढे काचेवर जाळीसारखे तडे येऊ शकतात. तडे आत उतरले की पेपरनेही निघत नाहीत. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल आणि डास पळवायचा स्प्रे यांनाही हाच नियम: काचेच्या जवळ आणायचे नाहीत.

वॉटरपेपर:
आता घासण्याचं. दोन काचांना ६०० आणि ८०० चा प्रत्येकी एक, १००० चे दोन कागद पुरतात. अर्ध्या लिटरच्या स्प्रे बाटलीत पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. पाणी नळाचं घ्या, बोअरचं जड पाणी वाळलं की क्षारांचे डाग उरतात आणि ते डाग की ओरखडे हेच कळत नाही.

गाडी सावलीत, दिवे बंद, काच हाताला गार. काच आणि आजूबाजूचा पत्रा धुऊन वाळवा, मग बंपर-फेंडरवर मास्किंग टेपचे तीन थर लावा. एकच थर असेल तर ६०० चा कागद कडेला तो फाडून रंगापर्यंत जातो. बॉनेट उघडून काम करा. सगळ्यात जास्त ऊन वरच्या कडेवर पडतं, जुना थर तिथेच जास्त खराब झालेला असतो, आणि बॉनेट बंद असलं की नेमकी तीच कड सुटते.

बोटांनी घासू नका, बोटांच्या दाबाने लांबट खाचा पडतात आणि दिवा लावल्यावर उजेडात उमटतात. जुन्या हवाई चपलेच्या तळाचा काडेपेटीएवढा तुकडा कापून कागद त्याला गुंडाळा. गोलाईवर तो छान वळतो. कागद दहा मिनिटं पाण्यात भिजवून मगच वापरा.

उजव्या काचेला ६०० पासून, डावीला ८०० पासून सुरुवात. एका नंबरने आडवं घासलं तर पुढच्या नंबरने उभं. आधीचे ओरखडे राहिलेत का, हे त्यामुळे लगेच दिसतं. सुरुवातीला ओघळणारं पाणी पिवळट असेल, घासत राहा, पांढरं दुधट येऊ लागलं की तुम्ही चांगल्या प्लास्टिकवर आलात. पण केवळ पाण्याच्या रंगावर विसंबू नका. काच पुसून पूर्ण वाळवा आणि तिरप्या उजेडात बघा. जुना थर कुठे उरला असेल तर तिथे बेटासारखा आकार आणि त्याची कड दिसते. सगळीकडे एकसारखा मॅट पांढरेपणा येईपर्यंत पुढच्या नंबरवर जाऊ नका. पहिल्या नंबरला एका काचेमागे अर्धा तास लागला तरी लागू द्या, पुढचे नंबर पाच-सात मिनिटांत होतात. घरी बिघडलेली बहुतेक कामं इथल्या घाईने बिघडतात.

अंबडचा_रंगारी:
वरचं सगळं बरोबर. आता थांबायचं कुठे, ते शेवटी काय लावणार त्यावर ठरतं. क्लिअर मारणार असाल तर १००० वर थांबा. काच पूर्ण धुरकट दिसेल, घाबरू नका, क्लिअर त्या बारीक ओरखड्यांत भरला की ती आरपार होते. पुष्कळ जण ३००० पर्यंत जाऊन, कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) मारून, आरसा करून मग क्लिअर मारतात. गुळगुळीत प्लास्टिकवर क्लिअरला पकड मिळत नाही, वर कंपाउंडमधलं तेल मध्ये राहतं, आणि काही महिन्यांत तो सेलोटेपसारखा सुटतो.

क्लिअर हार्डनरवाला, म्हणजे टू-के घ्या. घरी स्प्रे गन नसते, त्यामुळे बुडाशी पिन असलेला टू-के स्प्रेचा डबा घ्या. पिन दाबली की आतला हार्डनर मिसळतो, मग दोन मिनिटं डबा नीट हलवायचा. एकदा फोडला की साधारण एक-दोन दिवसांत आतला माल घट्ट होतो, म्हणून दोन्ही काचा तयार झाल्यावरच पिन दाबा. डब्यावर अतिनील संरक्षण आणि पॉलिकार्बोनेटवर चालतो, असं दोन्ही लिहिलेलं असावं. ओळखीच्या गॅरेजमधून गनने मारून घेणार असाल तर त्यांना जादा थिनर टाकू देऊ नका. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर तर नकोच, प्लास्टिकला तडे जातात.

मारण्याआधी टेप बदला, जुन्या टेपखाली पाणी असतं. चाक, बॉनेट, ग्रील वर्तमानपत्राने झाका. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या, नंतर बोट लावू नका. पहिला हात अगदी पातळ, नुसता शिडकावा, २०-२५ सेंटिमीटरवरून. दहा मिनिटांनी दुसरा ओला हात, परत दहा मिनिटांनी तिसरा. प्रत्येक फवारा काचेच्या बाहेर सुरू होऊन काचेच्या बाहेर संपला पाहिजे, मध्ये थांबलात की ओघळ आलाच. ओघळ आला तर पुसू नका. दोन दिवस कडक होऊ द्या, मग २००० ने तेवढाच घासून पॉलिश करा.

नाशिकच्या हवेचं बघा. थंडीत पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतं, तेव्हा क्लिअर नीट सुकत नाही. ऊन चढल्यावर, सकाळी दहा-अकराला मारा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वारा सुटतो आणि सगळी धूळ काचेवर बसते, तेव्हाही सकाळच बरी. पाऊस लागल्यावर मारू नका, दमट हवेत थर पांढरट पडतो.

सिडकोकर:
खूप आभार दोघांचेही. दोन शंका. टू-केच्या वासाने त्रास होतो म्हणतात, साधा कापडी मास्क पुरेल? आणि क्लिअर जमलाच नाही तर पर्याय काय?

अंबडचा_रंगारी:
कापडी मास्क अजिबात पुरत नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला बाधतं आणि दमा असलेल्यांना फारच. ऑरगॅनिक व्हेपरचे काडतूस असलेला रबरी मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे. बंद पार्किंगमध्ये मारू नका, मुलांना लांब ठेवा. घरात कोणाला दमा असेल तर क्लिअर सोडाच, काचेवर चिकटवायची संरक्षक फिल्म लावा.

वॉटरपेपर:
फिल्मसाठी मात्र १००० वर थांबायचं नाही. १५००, २०००, ३००० असं पुढे जा, मग कंपाउंड आणि पॉलिश. ड्रिलला तीन इंची फोमचा पॅड लावा, वेग १२००-१५०० फेऱ्यांच्या वर नको, पॅड एका जागी थांबवू नका. उष्णतेने प्लास्टिक मऊ होऊन पांढरट चरा पडतो आणि परत १००० वरून सुरुवात करावी लागते. पाच रुपयांच्या नाण्याएवढं कंपाउंड एका काचेला भरपूर. त्यावर पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), रंगीत नको, उजेड कमी होतो. वॅक्स तात्पुरतं. तीन-चार आठवड्यांनी परत लावायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

गोदाकाठ:
मधेच विचारतो, माझ्या गाडीत आतून थेंब जमतात. हेही घासूनच?

वॉटरपेपर:
नाही, ते वेगळं. हेडलाइटच्या मागचं रबरी झाकण नीट बसलंय का बघा. बल्ब बदलल्यावर ते तिरकं राहतं. मग हेडलाइटची हवा खेळती ठेवणारी नळी मातीने बुजली आहे का तपासा. थंडीत सकाळी थोडं धुकं येऊन दिवा लावल्यावर गेलं तर चालतं. थेंब दिवसभर राहिले तर काचेचा जोड उघडलाय.

सिडकोकर:
समजलं. पुढच्या रविवारी सकाळी टू-के करतोय. उजेड वाढावा म्हणून १००/९० वॉटचे बल्ब घालावेत का?

अंबडचा_रंगारी:
नको. मूळ ६०/५५ चेच ठेवा. जादा वॉटने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो आणि काच आतून तापते. काम झाल्यावर २४ तास गाडी धुवू नका, आठवडाभर प्रेशरचं पाणी मारू नका. मग सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून लो बीमची वरची कड तपासा. मागे दिव्याची दिशा ठरवणाऱ्या स्क्रूला धक्का लागला असेल तर ती वर गेलेली दिसते, आणि आता काच स्वच्छ असल्याने समोरच्याच्या डोळ्यांवर थेट जाईल.