जुन्या दगडावर तारेचा ब्रश नकोच

काका, इंदूरच्या कृष्णपुरा छत्र्यांसारख्या (होळकरांची दगडी स्मारकं) जुन्या दगडावर कुणी स्प्रेने नाव लिहिलं तर अ‍ॅसिड आणि तारेचा ब्रश, असं तुम्ही सुचवलंत. कृपा करून नको! तारेने कोरीवकामाची धार जाते, तुटलेले तुकडे गंजून तांबूस डाग धरतात. अ‍ॅसिड सांध्यांतला चुना खातं. आधी दगड पाण्याने भिजवा, म्हणजे विरघळलेला रंग छिद्रांत उतरत नाही. चार बोटं जागेवर तपासून मगच जेलसारखं पेंट रिमूव्हर लावा, साधारण 15-20 मिनिटांनी लाकडी पट्टीने काढा, नायलॉनच्या मऊ ब्रशने धुवा. आणि हे लगेच, रंग मुरायच्या आत. एक नाव टिकलं की शेजारी दुसरं येतंच. सिमेंटच्या भिंतीला मूळ रंगाचा हात पुरतो, पण अख्ख्या पट्ट्याला. नुसतं ठिगळ म्हणजे पुन्हा कोरी पाटी.