बंद दवाखान्याचं कपाट, आतल्या बाटल्या-काट्यासकट: घ्यावं का, आणि घेतलं तर सुरुवात कुठून?

महालकर

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या दवाखान्याचं सागवानी कपाट विकायला निघालंय, आतल्या सगळ्या सामानासकट. सुटं द्यायला मालक तयार नाहीत, एकच रक्कम सांगताहेत. वरवर दिसलं ते असं:

साठेक बाटल्या, त्यांतल्या वीसेक काचेच्या बुचांच्या. निम्मी बुचं घट्ट बसलीत. काही बाटल्यांत अजून औषध आहे. सात-आठ बाटल्या गडद निळ्या, काहींवर उभ्या धारा. पितळी हातकाटा, डबीत वजनं (दोन खाचा रिकाम्या). चिनी मातीचा खल, गोळ्या वळायची पितळ-लाकडाची पाटी, पाऱ्याचं बीपी यंत्र. कातडी पेटीत चाकू-चिमटे, दोन चाकूंच्या मुठी पांढऱ्या. लेबलं बहुतेक इंग्रजी, काहींवर नागपूरचा पत्ता.

काळ कसा ठरवायचा? बुचं कशी काढायची? पितळ चमकवून घ्यावं का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

रसायन_मास्तर

बुचांचं नंतर बघू. ज्या बाटल्यांत काही शिल्लक आहे त्या आधी वेगळ्या करा, आणि त्याही न हलवता, न उघडता. प्रत्येकीचा फोटो, लेबलसकट. संग्राहकांचा निम्मा घोटाळा इथेच होतो. बाटली सुंदर म्हणून आतलं मोरीत ओतून मोकळे होतात.

चार गोष्टींना हातच लावू नका.

ईथर: बुचाभोवती किंवा तळाशी पांढरे खडे दिसले तर ते पेरॉक्साइड असू शकतं. बूच फिरवण्याच्या घर्षणानेही स्फोट होतो.

पिक्रिक ॲसिड: पिवळं. पूर्वी भाजल्यावर लावायला दवाखान्यात असायचं. ओलं असतं तोवर बरं, सुकलं की स्फोटक, आणि धातूच्या झाकणाशी त्याचे जे क्षार तयार होतात ते त्याहून नाजूक. नागपूरचे दहा-वीस उन्हाळे खाल्लेली बाटली ओली राहिली असेल असं धरू नका. ईथर-पिक्रिकपैकी एकही असं सापडलं तर कपाट बंद करा, मालकांना सांगा आणि पोलिसांना कळवा.

क्लोरोफॉर्म: प्रकाश आणि हवेने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. 'वास घेऊन बघू' हा प्रकार कुठल्याच बाटलीबाबत करू नका, इथे तर नाहीच.

अफू, मॉर्फिन, कोकेन: लेबलवर 'टिं. ओपिआय', 'मॉर्फ.', 'कोकेन हायड्रोक्लोर.' असं काही असेल आणि आत माल असेल, तर प्रश्न संग्रहाचा राहत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली ते विनापरवाना बाळगणं हाच गुन्हा, मग औषध कितीही जुनं असो. अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयाला मालकांनीच लेखी कळवावं, आणि तो निकाल लागेपर्यंत तुम्ही पैसे देऊ नका. रिकाम्या बाटलीला अडचण नाही.

बाकी भरलेल्या बाटल्यांची यादी करून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इथल्या कार्यालयात विचारा. 'हायड. परक्लोर.' आणि 'हायड. सबक्लोर.' म्हणजे पाऱ्याचे क्षार, 'लिक. आर्सेनिक.' म्हणजे सोमलाचं द्रावण. ही नाल्यात जाता कामा नयेत.

बीपी यंत्राची नळी तडकलेली आहे का, टाकीची चावी नीट बंद होते का, ते नेण्याआधी पाहा. नेताना उभंच न्या. पारा सांडला तर झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही. हातातलं सोनं काढा, पंखा-कूलर बंद, खिडक्या उघड्या. पोस्टकार्डाने गोळे एकत्र करून ड्रॉपरने पाणी असलेल्या बाटलीत घ्या, फटींवर गंधकाची पूड टाका. पाऱ्याच्या वाफेचा दाब दर १० अंशांमागे जवळपास दुप्पट होतो, म्हणजे डिसेंबरात चाललेली हयगय मे महिन्यात चालत नाही.

रक्कम ठरवताना भरलेल्या बाटल्यांची किंमत शून्य धरा. त्या तुमच्यासाठी माल नाहीत, काम आहे.

काचवेडा

मास्तरांचं झालं की मग काच.

इंग्रजी पुस्तकांत काळ ठरवायचा नियम असा देतात: साच्याची शिवण ओठाच्या खाली संपत असेल तर ओठ हाताने केलेला, म्हणून बाटली जुनी, शिवण ओठावरून आरपार गेली तर यंत्राची, म्हणजे १९०३ च्या, आपोआप बाटल्या काढणाऱ्या ओवेन्स यंत्रानंतरची. विलायती बाटलीला हे बरंचसं लागू पडतं. देशी बाटलीला नाही. आपल्याकडचे काच कारखाने स्वातंत्र्यानंतरही बराच काळ हाताने आणि अर्ध्या यंत्राने बाटल्या काढत होते. तेव्हा वाकडा ओठ, काचेत बुडबुडे आणि किंचित हिरवट झाक एवढ्यावर 'एकोणिसाव्या शतकातली' म्हणून कोणी पैसे मागत असेल तर हसून पुढे जा.

तुमच्या कपाटात त्याहून चांगला पुरावा आहे: नागपूरचा पत्ता. 'सी.पी.' (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) किंवा 'सी.पी. अँड बेरार' (मध्य प्रांत व वऱ्हाड) असेल तर लेबल १९५० च्या आधी छापलेलं. नागपूरपुढे 'एम.पी.' असेल तर १९५० ते १९५६, कारण तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानीही इथेच. 'बॉम्बे स्टेट' असेल तर नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९६०. महाराष्ट्र असेल तर त्यानंतरचं, आणि सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं. अर्थात छापून उरलेली लेबलं पुढे काही वर्षं चिकटवली जायची, म्हणून यातली 'याच्या आधीची नाही' ही बाजू पक्की, 'याच्या नंतरची नाही' ही कच्ची. किंमत 'नये पैसे'त असेल तर १९५७ ते १९६४. औंस-ड्रामऐवजी मिलिलिटर आले की दशमान पद्धतीनंतरचं.

निळ्या बाटल्या. निळा रंग म्हणजे विष असं नाही. एरंडेलाच्या लांबट बाटल्याही निळ्या यायच्या. विषाची ओळख त्या उभ्या धारा. कंदिलाच्या उजेडात कंपाउंडरच्या बोटांना कळावं म्हणून त्या असतात. काचेतच 'नॉट टू बी टेकन' उठवलेलं असेल तर ठेवण्याजोगी.

आणि साध्या, चपट्या मिक्श्चरच्या बाटल्या फेकू नका. एखादीच्या कडेला कागदाची दातेरी कापलेली डोसाची पट्टी अजून चिकटलेली असेल तर ती या कपाटातली सर्वांत दुर्मीळ गोष्ट समजा. निळी बाटली पुन्हा मिळेल. ती पट्टी कंपाउंडरने कात्रीने कापून खळीने लावलेली असते, आणि बाटली परत आणली की धुऊन निघायची. म्हणूनच उरलेल्या थोड्या.

आता बुचं. आधी बूच का बसलं ते लेबलवरून ठरवा. सिरप असेल तर साखर सुकलेली आहे; मानेभोवती कोमट पाण्याचं फडकं तासभर गुंडाळा, सुटतं. टिंक्चर असेल तर राळ. सर्जिकल स्पिरिट आणि ग्लिसरीन समसमान करून बुचाच्या कडेने चार थेंब सोडा, दिवसभर ठेवा, मग लाकडी पळीच्या दांड्याने बुचाला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी हलकेच टिचक्या. पिळायचं नाही. बुचाची मान तुटते ती पिळण्यानेच. कॉस्टिक सोड्याची बाटली असेल तर सोडून द्या. अल्कलीने घासलेल्या काचा एकमेकींना खाऊन चिकटलेल्या असतात. उकळतं पाणी कशालाच नको, जाड तळ आणि पातळ मान वेगवेगळ्या वेगाने फुगतात नि तडा जातो.

एक धोका ठळक सांगतो: पोटॅशियम परमँगनेटच्या बाटलीला ग्लिसरीन लावू नका. दोन्ही एकत्र आले की थोड्या वेळाने आपोआप पेट घेतात. तिथे नुसतं पाणी.

बुचं काढली की अदलाबदल होऊ देऊ नका. घासून बसवलेलं बूच त्याच बाटलीचं असतं. पुष्कळदा दोन्हींवर एकच बारीक आकडा कोरलेला सापडतो.

पांढरट डाग धुण्याआधी काच ओली करून पाहा. ओली असताना धुरकटपणा गायब होऊन सुकल्यावर परत आला तर काचच झिजली आहे, धुऊन काही होणार नाही. ओल्यातही दिसला तर क्षार. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून रात्रभर भरून ठेवा. आत वाळू घालून खळखळवू नका. तांदूळ आणि साबणाचं पाणी पुरतं. ज्या बाटल्यांचं लेबल काचेच्या वक्र तुकड्याखाली सोनेरी रंगात आहे त्या पाण्यात बुडवायच्याच नाहीत. रंग आणि वर्ख मागच्या बाजूने लावलेला असतो, पाणी शिरलं की पापुद्रे सुटतात.

खल_आणि_बत्ता

पितळाबद्दल उत्तर एका शब्दात: नाही.

वजनं चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासली की पितळाचा थर जातो, म्हणजे वजन घटतं. मोठ्या वजनात कळणार नाही, पण एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. त्यातले दोन-तीन मिलिग्रॅम गेले तर ते ग्रेन राहिलं का? मऊ ब्रश, सुती कापड, बस. हिरवा गंज असेल तर बांबूच्या काडीने खरवडा. वजनं उचलायची चिमट्याने.

ताडून बघायला हे धरा: २० ग्रेन = १ स्क्रुपल (१.३ ग्रॅम), ३ स्क्रुपल = १ ड्राम (३.८९ ग्रॅम), ८ ड्राम = १ औंस (३१.१ ग्रॅम). ड्रामची खूण इंग्रजी तीनला शेपूट लावल्यासारखी दिसते, औंसची तशीच पण वर एक टोक जास्त. डबीत तोळा-मासाही मिसळलेला असेल तर आश्चर्य नको, आपल्याकडे दोन्ही एकाच खणात नांदायचे: ८ गुंजा = १ मासा, १२ मासे = १ तोळा = ११.६६ ग्रॅम. न झिजलेला राणी छाप चांदीचा रुपया बरोबर तोळ्याचा, तो दुसऱ्या पारड्यात टाकून बघा. रिकाम्या दोन खाचांसाठी सुटी वजनं शोधताना नुसतं माप पाहू नका, अक्षराची घडण आणि मुठीचा आकार जुळायला हवा. जोडलेला संच लगेच ओळखू येतो.

हातकाटा: रिकामी पारडी सम आहेत का? मग दोन्हीकडे समतोल होईल एवढं वजन ठेवा आणि पारड्यांतला माल आपसात बदला. समतोल राहिला तर दांडीचे दोन्ही हात सारखे. काटा एकीकडे गेला तर दांडी वाकलेली आहे किंवा मधली सुरी, म्हणजे दांडी जिच्यावर झुलते ती धार, बोथट झाली आहे. वाकलेली दांडी ठोकून सरळ करायला देऊ नका. दोऱ्या नवीन असतील तर बिघडत नाही, त्या बदलायच्याच असतात. एक पारडं काचेचं आणि दुसरं पितळी असेल तर तेवढ्यावरून ते बदललेलं समजू नका; औषधासाठी काचेचं, वजनांसाठी पितळी अशी जोडीही असायची.

गोळ्यांच्या पाटीत खालच्या आणि वरच्या भागाच्या पन्हळी मोजा. आकडा सारखा आणि एकमेकींवर बरोबर बसत असतील तरच जोडी. बऱ्याच ठिकाणी वरचा रूळ हरवलेला असतो आणि मग ती नुसती फळी.

चिनी मातीचा खल आतून पाहा. वापरलेल्या खलाचा तळ खडबडीत-मऊ झालेला, बत्त्याचं टोक एका बाजूने जास्त झिजलेलं. आतून गुळगुळीत चकचकीत ग्लेझ असेल तर तो नुसता शोभेचा. इतवारी बाजारात पितळी खल पाहायला गेलात तर हाच नियम उलटा लावा: ॲसिडने काळे केलेले नवे खल बाहेरून जुने दिसतात, पण आतला तळ एकसारखा काळा. खरा खल बाहेर काळा आणि आत, जिथे बत्ता पडतो तिथे, खळगा पडलेला आणि उजळ असतो.

महालकर

एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, आभार. दोन शंका राहिल्या. पांढऱ्या मुठी हस्तिदंताच्या असतील तर? आणि घरी चार महिने कूलर चालतो, त्या खोलीत कपाट ठेवलं तर चालेल का?

बर्डीवाले

मुठीचं आधी. काढून घेता येत असेल तर मुठीचा बुडखा भिंगाखाली धरा. एकमेकांना छेदणाऱ्या बारीक जाळीसारख्या रेषा दिसल्या तर हस्तिदंत. काळे ठिपके, बारीक छिद्रं दिसली तर हाड. अगदी एकसारखं, समांतर रेघांचं असेल तर सेल्युलॉइड. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला इंटरनेटवर फिरतो, तो मनावर घेऊ नका भाऊ, सेल्युलॉइड भडकतं. हस्तिदंत निघालं तर ते दोन चाकू मालकांकडेच राहू द्या. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची खरेदी-विक्री बंद आहे, वस्तू किती जुनी याने फरक पडत नाही. काळाच्या हिशेबाने मात्र अशा मुठी उपयोगी: हत्यारं वाफेने निर्जंतुक करायची पद्धत रुळल्यावर मुठीही धातूच्या होत गेल्या, तेव्हा लाकूड-हाडाच्या मुठी साधारण १८९० च्या आधीच्या घडणीच्या. बाकी चिमटे निकेल चढवलेले असतील. पापुद्रा सुटला तिथे आतलं पोलाद गंजतं. चाकू कातडी पेटीतून बाहेर काढून ठेवा, कातड्यातलं आम्ल आणि दमट हवा दोन्ही त्यांना खातात.

शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. घरात ठेवायला हरकत नाही, पण देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून कोणी ऑनलाइन विचारलं तर नाही म्हणा.

कूलरच्या खोलीत नको. एप्रिल-मेत बाहेर हवा कोरडी ठाक आणि खोलीत कूलरची ओल, रात्री कूलर बंद की पुन्हा कोरडं. या चढउताराने लेबलांची खळ सुटते, कागद कडेने वळतो, सागाच्या दारांना फटी पडतात. पावसाळ्यात बुरशी वेगळीच. दुसरी खोली नसेल तर निदान कूलरच्या झोतात नको, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, मागे चार बोटं जागा सोडा. आत आर्द्रता मोजायचा साधा काटा ठेवा आणि ५० टक्क्यांच्या आसपास राखायचा प्रयत्न करा. सिलिका जेल नुसतं टाकून विसरू नका, रंग बदलला की तापवून परत वापरायचं.

सुटलेलं लेबल फेविकॉलने चिकटवू नका. मैद्याच्या पातळ खळीने, कडेला बारीक ब्रशने, म्हणजे पुढे कोणाला काढायचं झालं तर ओलं करून निघेल. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की कसर लागत नाही, जुने बाइंडर तेच करत. मोरचूद विषारी आहे, तेव्हा वाटी स्वयंपाकघरातली नको. सेलोटेप आणि लॅमिनेशनचं नावही नको.

कपाट हलवण्यापूर्वी प्रत्येक खणाचा समोरून फोटो काढा आणि खणाला नंबर द्या. बाटल्यांचा क्रम हा कंपाउंडरचा क्रम असतो. रोज लागणारी औषधं हाताशी, विषं वरच्या किंवा कुलपाच्या खणात. एकदा पोत्यात भरून आणलं की तो परत मिळत नाही. हमालांना सांगून बाटल्या उभ्या, मध्ये वर्तमानपत्र, आणि काट्याची दांडी वेगळी कापडात गुंडाळून हातात न्या.