स्प्रिंग वॉशरनं नट ढिला व्हायचा थांबतो का?

पलूसचा यंत्रवाला: माझं म्हणणं सरळ आहे. रोटाव्हेटरच्या (ट्रॅक्टरमागं माती भुसभुशीत करणारं यंत्र) पात्यांना आपण चिरेचा, म्हणजे एका जागी कापलेल्या कडीसारखा, स्प्रिंग वॉशर घालतो, तो नट धरून ठेवत नाही. नट धरतो तो बोल्टातला ताण. १२ एमएमचा ८.८ ग्रेडचा (मजबुतीची प्रत) बोल्ट ८०-९० न्यूटन-मीटरला (आवळायच्या पिळाचं माप) आवळला की जवळपास ४ टनांचा दाब येतो. वॉशर त्याच्या कितीतरी आधी सपाट होतो, मग तो साधा प्लेट वॉशरच. 'नासा'च्या १९९० च्या फास्टनर मॅन्युअलमध्येही असा वॉशर लॉकिंगला निरुपयोगी म्हटलाय.

कुपवाडचा फिटर: २२ वर्षं हेच काम करतोय. वॉशर न घातलेली पाती पहिल्याच एकरात खडखडताना पाहिलीत. चिरेची धार नटात रुतते, नट उलटा फिरू लागला की अडवते. आणि रानात पीळ मोजणारा टॉर्क पाना असतो कुणाकडं?

पलूसचा यंत्रवाला: धार मऊ लोखंडात रुतते, कडक नटात नाही. त्यात आपण खाली प्लेट वॉशर घालतो. मग धार रुतली तरी प्लेटसकट सगळंच फिरतं!

नट सुटतो कसा, ते जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवलं: आडव्या हालचालीनं. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पातं ढेकळाला आपटतं, फ्लँजवर (पातं बसतं ती चकती) केसभर सरकतं. तेवढ्या क्षणी आट्यांतली पकड सुटते आणि नट किंचित मागं फिरतो. असं तासाला हजारो वेळा. दाब पुरेसा असेल तर पातं सरकतच नाही.

तासगाव, द्राक्षबाग: फवारणीच्या ब्लोअरला मी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) वापरतो, त्रास नाही. फक्त सायलेन्सरजवळ नको, १२० अंशांपुढं नायलॉन टिकत नाही.

कुपवाडचा फिटर: नवीन मशिनच्या फ्लँजवर रंगाचा जाड थर असतो. तो दबला की ताण जातो. तेव्हा वॉशर निदान नट पडू तरी देत नाही.

पलूसचा यंत्रवाला: रंगाचं एकदम बरोबर. पण ४ टन गेल्यावर वॉशरचा उरलेला जोर पातं सरकायचं थांबवणार नाही, आणि भोक अंडाकृती होईल. रंग खरवडा, तासाभरानं पुन्हा आवळा.

कुपवाडचा फिटर: पुढच्या मशागतीला डावीकडं वॉशर घालतो, उजवीकडं नाही. नटावर रंगाची रेघ मारतो, फिरला की कळेल. टॉर्क पाना तुमचा आणा, दोन्हीकडं आवळणं सारखंच पाहिजे.