शनिवारचा क्लास: किट घ्यायचं की साड्या न्यायच्या? (उत्तर शुक्रवारपर्यंत हवं)

प्रेषक: सजावट समिती

नमस्कार मंडळी,

बर्मिंगहॅमच्या एनईसी प्रदर्शन केंद्रात ‘फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स’ हे गोधड्यांचं प्रदर्शन भरतं, त्यातला आपला शिवणाचा क्लास नऊ दिवसांवर आलाय आणि सामानाची यादी काल हातात पडली. आम्ही चौघी जातोय. यादीच्या तळाशी लिहिलंय की कापड स्वतःचं चालेल, नाहीतर शिक्षिकेचं किट वीस पौंडांना. किती किटं हवीत ते शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवायचंय. माझ्याकडे सासूबाईंच्या दोन इरकल साड्या आहेत, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या. यंदा गणपतीमागचा पडदा शिवूनच करायचा हे बैठकीत ठरलंच आहे, तर क्लासमध्येच त्याचा एखादा तुकडा तयार व्हावा असं मला वाटतं. ज्यांनी आधी क्लास केलेत त्यांनी कृपया आजच लिहा.

आणि मंडळाच्या पेटीतला रोटरी कटर (कापड कापायचा, गोल पात्याचा) कोणाकडे आहे?

प्रेषक: माई, सॉलिहल

किट घे. साड्या घरी ठेव.

हे प्रदर्शन २००३ पासून भरतंय आणि मी सहा वेळा क्लास केलेत, म्हणून सांगते. जुन्या साडीचं सूत झिजलेलं असतं. मशीनखाली घातलं की कापड ओढलं जातं, पट्टीचं टोक सुईखालच्या भोकात शिरतं. शिवण पाव इंचाची हवी. तुकड्यात आठ शिवणी असल्या आणि प्रत्येकीत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, गेलं, तर अख्खा इंच गेला. मग शेजारणीचे कोपरे जुळतात, आपले नाही, आणि आपण दुपारभर उसवत बसतो. क्लासची वेळ कापडाशी भांडण्यात घालवू नये. शिक्षिकेचा हात बघायला आपण तिथे जातो.

दुसरं. पहिल्या वर्षी मी दोन दिवसांत तीन क्लास घेतले होते. तीन पिशव्या अर्धवट घेऊन आले. त्यातली एक कपाटात चार वर्षं होती. शेवटी उघडली तेव्हा कुठला तुकडा कुठे जोडायचा तेच आठवेना. तेव्हापासून वर्षाला एकच क्लास करते, आणि पुढचा रविवार आधीच मोकळा ठेवते. हाताला आठवतंय तोवर दुसरा नमुना शिवायचा. पडद्याचा तुकडा क्लासमध्ये पूर्ण होईल ही आशा सोड. नमुना कर, पडदा घरी कर.

कटर माझ्याकडे नाही. सप्टेंबरमध्ये परत केला होता.

प्रेषक: अप्पा, कॉव्हेंट्री

कटर माझ्याकडे आहे. मखराचा थर्माकोल कापायला नेला होता. पातं बोथट झालंय, नवं घालून देतो.

आगगाडीने जाणाऱ्यांनी बर्मिंगहॅम इंटरनॅशनलला उतरावं, न्यू स्ट्रीटला नाही. गेल्या खेपेला दोघी न्यू स्ट्रीटला उतरल्या आणि पहिला पाऊण तास बुडाला, तोच समजावून सांगण्याचा होता. गाडी नेलीत तर पार्किंगचे वेगळे पैसे पडतात आणि तिथून चालणंही बरंच आहे, मशीन हातात असेल तर आधी विचार करा. हॉलचा उजेड वरून येतो, काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. बॅटरीवरचा छोटा दिवा माझ्याकडे आहे, हवा असल्यास सांगा.

साडीचं म्हणाल, तर आमची आई (सातारा जिल्हा, कोरेगाव तालुका) वाकळ शिवायची ती जुन्या लुगड्यांचीच. सोप्यात लुगडी अंथरायची, चारी बाजूंना पाटे-वरवंटे ठेवायची, आणि कडेपासून धावदोरा घालत आत यायची. मध्यभागी पोचायला महिना लागायचा. पाव इंच वगैरे तिने कधी मोजलं नाही, आणि ती वाकळ अजून माझ्या पलंगावर आहे.

प्रेषक: काकू, लेस्टर

अप्पा, अगदी मनातलं बोललात. आपली गोधडी शिकायला आपणच पौंड मोजून जायचं, हे मला पटत नाही. मंडळात किमान पाच जणी गोधडी शिवतात. त्यांना विचारलं असतं तर हॉल भाड्याने घेऊन आपणच वर्ग घेतला असता. पडद्याचं काम गेली सात वर्षं लेस्टरच्या बायका करतायत, तेव्हा बैठकीत ठरताना आम्हाला कळवायला हवं होतं.

प्रेषक: सचिव

काकू, बैठकीची सूचना १४ तारखेला याच ईमेल-यादीवर गेली होती. पडदा लेस्टरकडेच आहे, त्यात बदल नाही.

प्रेषक: नाशिककर, डर्बी

माईंना एक विचारायचं होतं. क्लासच्या नोट्स स्कॅन करून इथे टाकता येतील का? ज्यांना जमणार नाही त्यांनाही उपयोग होईल.

प्रेषक: माई, सॉलिहल

नाही. तो कागद त्या शिक्षिकेच्या पोटाचा आहे. ती वर्षभर गावोगाव हेच शिकवते. तिने आखलेला नमुना फुकट वाटला तर पुढच्या वर्षी ती येणार कशाला? आपल्या वहीत, आपल्या हाताने, आपल्या शब्दांत लिहिलेलं खुशाल दाखवा. फोटोही विचारूनच काढावा. मी तर तिचे हात फोटोत घेतच नाही, वहीत चित्र काढते: सुई कुठून वर, कुठे खाली, अंगठा कुठे. चित्र काढताना जे लक्षात राहतं ते फोटोने राहत नाही.

काकू, लुगड्याची गोधडी मलाही येते. पण मशीनवर तुकडे जोडणं हे वेगळं काम आहे.

प्रेषक: बेळगावची ताई, नॉटिंगहॅम

थांबा जरा. शनिवारचा क्लास मशीनचा नाहीच! मीही त्याच क्लासला जातेय. मशीनचा सकाळचा आहे, दुसऱ्या हॉलमध्ये. आपला दुपारचा, हाताचा, आणि विषय आहे कवंदी. यादी पुन्हा बघा: त्यात मशीन नाही, कटर नाही, वॉडिंगसुद्धा (आतला भरावाचा थर) नाही. सुया, जाड दोरा, कात्री, अंगुस्तान, आणि "मऊ, वापरलेलं सुती कापड" असं स्पष्ट लिहिलंय.

कवंदी म्हणजे आमच्या शेजारच्या सिद्दींची गोधडी. कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात त्यांची वस्ती आहे. पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज, बरेचसे गोव्यामार्गे आलेले. बायका जुन्या कपड्यांचे तुकडे आधी कापून जुळवत नाहीत. खाली एक कापड, त्यावर कोपऱ्यापासून तुकडा ठेवायचा, कड आत मुडपायची, धावदोरा घालायचा, संपला की पुढचा. कडेने फिरत फिरत मध्यभागी यायचं, अप्पांच्या आईसारखंच. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. ती नसली तर कवंदी उघडी राहिली असं मानतात. आमच्या घरी याला कौदी म्हणायचे आणि ती विकत घेतलेली होती, शिवलेली नाही. म्हणून मी जातेय. काकू, मला गोधडीचा टाका येतो, पण त्या तुकड्यांची कड न टाचता सरळ कशी राहते ते येत नाही. तेवढं एक शिकून आले तरी माझे पैसे वसूल.

प्रेषक: सजावट समिती

माझी चूक, यादी अर्धीच वाचली होती. म्हणजे साड्या चालतील?

प्रेषक: माई, सॉलिहल

मग चालतील, आणि किटापेक्षा चांगल्या. मी सकाळच्या क्लासबद्दल बोलत होते. हाताच्या टाक्याला दुकानातलं नवं कापड कडक पडतं, बोटं दुखतात. फक्त इरकलचे काठ-पदर आधी कापून ठेव. अंग सुती असतं, काठ-पदर रेशमी. दोन्हीला इस्त्री वेगळी लागते आणि धुतल्यावर दोन्ही सारखी आटत नाहीत. अंगाचं कापड फार पातळ झालं असेल तर अगदी हलकी खळ दे, म्हणजे मुडपलेली कड बसून राहील. जास्त दिलीस तर सुई जाणार नाही.

लवकर जा, शिक्षिकेच्या डाव्या हाताला बस. ती उजव्या हाताने शिवत असेल तर डावीकडून टाका दिसतो, उजवीकडून तिचं कोपर दिसतं. आणि कोपऱ्याच्या फुलाला पोचेपर्यंत शेजारणीशी गप्पा नकोत.

प्रेषक: काकू, लेस्टर

कवंदी असेल तर मलाही बघायचीय. जागा शिल्लक आहे का? नसेल तर ताईने परत आल्यावर लेस्टरला येऊन दाखवावी. पडद्याचा मधला भाग आम्ही तसाच करू, कोपरे फुलांचे.

प्रेषक: बेळगावची ताई, नॉटिंगहॅम

काकू, क्लास भरलाय, मी आत्ताच बघितलं. लगेचच्या रविवारी येते. पण प्रत्येकीने हातभर जुनं सुती कापड आणि स्वतःची सुई आणावी. नुसतं बघून टाका बसत नाही.

प्रेषक: सजावट समिती

किटं शून्य, असं शिक्षिकेला कळवलं. अप्पा, कटर राहू दे, दिवा मात्र आणा.