पुण्यातील सदनिकेत इंजिनिअर्ड ओकची जमीन : सल्ला हवा आहे

उंबरठा :
नमस्कार. कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमची सदनिका असून तिच्यातील दोन खोल्यांत (आईची १५० चौरस फूट, आमची १३०) इंजिनिअर्ड ओकची (वर ओक लाकडाचा पातळ थर आणि खाली दुसरा पाया असलेल्या फळ्यांची) जमीन करावी, असा विचार आहे. सध्या तेथे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत आणि त्या फोडायच्या नाहीत. डिसेंबरात त्या इतक्या गार पडतात की पहाटे पलंगावरून पाय खाली टेकवण्याआधी आई अंधारात चपला चाचपडत बसते. दुकानातून दोन नमुने घरी आणले आहेत : पहिला १४ मिलिमीटर जाडीचा, वर २ मिलिमीटर ओक आणि खाली एचडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा), दर ३१० रुपये फूट; दुसरा १५ मिलिमीटरचा, वर ४ मिलिमीटर ओक आणि खाली प्लाय, दर ५२० रुपये. मजुरी धरून एक लाखाच्या वर जाता येणार नाही. आई सध्या नागपूरला बहिणीकडे आहे आणि १० जूनच्या सुमारास परतेल. कोणता नमुना घ्यावा?

सागवानी :
स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आपल्याकडे सागवान असताना परदेशी लाकडाच्या पातळ कापाला ५२० रुपये मोजणे मला पटत नाही. आमच्या आजोळच्या माडीवरील सागाच्या तक्तपोशीवर चार पिढ्या नांदल्या, तिला ना वाळवी लागली, ना ती कोठे वाकली. जुन्या वाड्यांचे लाकूड विकणाऱ्यांकडून फळ्या घ्याव्यात आणि सुताराकडून रंधून घ्याव्यात. दीड-दोन लाख अधिक गेले तरी काम जन्माचे होते.

तिसरा जिना :
आम्ही ८ मिलिमीटरचे लॅमिनेट १४० रुपये दराने बसवले. मुले त्यावर तीनचाकी फिरवतात, पण सात वर्षांत ओरखडा नाही. चालताना टकटक आवाज होतो आणि खालच्या मजल्यावरील काकांनी दोनदा तक्रार केली, हे मान्य करतो. परंतु ते काका आधीपासूनच तक्रारखोर होते.

नेकारकाठ :
आमच्याकडे श्टुटगार्टला सर्व घरात ओकच आहे आणि त्याखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत. जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान २७ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही, एवढे एक पथ्य पाळले की हिवाळ्यात अनवाणी चालण्याचे जे सुख मिळते ते शब्दांत सांगता येत नाही. फळ्या मात्र २२० मिलिमीटर रुंदच घ्याव्यात, अरुंद फळ्यांनी खोली बैठी दिसते.

उंबरठा :
नेकारकाठ, नळ्यांचा प्रश्न पुण्यात उद्भवत नाही आणि रुंद फळ्या अंदाजपत्रकात बसत नाहीत. तरीही आभार.

रंधा :
मी वीस वर्षे हेच काम करून घेतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ओक चांगला की वाईट हा येथे प्रश्नच नाही. वरचा थर किती जाड आहे आणि खाली काय आहे, हे पाहावे. एकदा जमीन घासून पुन्हा पॉलिश करायची म्हटली की अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जाते; त्यामुळे २ मिलिमीटरचा थर फार तर एकदा घासता येतो आणि तेही जपून, तर ४ मिलिमीटरचा तीनदा सहज निघतो. एचडीएफ म्हणजे शेवटी दाबलेले तंतूच. सांध्यातून पाणी गेले की त्याची कड फुगते आणि पुन्हा बसत नाही. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असल्याने लाकडाची रुंदीकडे फुगण्याची ओढ आवरली जाते. दुसराच नमुना घ्या.

हवामान याहून महत्त्वाचे. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा करकरीत कोरडी असते आणि जुलैत ती पाण्याने भरते. मेमध्ये बसवलेली जमीन पावसाळ्यात पसरते, पावसाळ्यात बसवलेली उन्हाळ्यात फटी सोडते. म्हणून दसऱ्यानंतर बसवावी. टाइल्सवर रुपयाचे नाणे वाजवून पाहा. पोकळ वाजणारी टाइल आधी भरून घ्या. २ मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट दिसली, तर ती पातळी आधी सारखी करावी. आणि जमीन चिकटवून घ्या. गुळगुळीत टाइलवर गोंद धरत नाही, त्यासाठी टाइल घासून खरबरीत करावी लागेल. नुसत्या फोमवर तरंगती जमीन पोकळ वाजते आणि लोखंडी कपाट ठेवले की तेथेच दबून अडकते.

गच्चीवरची बाग :
रंधा यांच्याशी पूर्ण सहमत. आमची जमीन मेमध्येच बसवली होती आणि सुताराने फळ्या भिंतीला अगदी चिकटवून घातल्या, कारण त्याच्या मते फट म्हणजे आळशी कारागिराचे लक्षण. ऑगस्टमध्ये खोलीच्या मध्यभागी तळलेल्या पापडासारखा फुगवटा आला. शेवटी स्कर्टिंग उचकटून कडेची १२ मिलिमीटर पट्टी कापली, तेव्हा दोन आठवड्यांत जमीन आपली आपण खाली बसली.

दुसरी चूक मात्र माझीच होती. मनीप्लांटची कुंडी लोखंडी घडवंचीवर ठेवली होती, पाणी ओघळत राहिले आणि घडवंचीच्या चार पायांखाली शाईसारखे निळेकाळे ठिपके उमटले. ओकमध्ये टॅनिन असते, ते ओल्या लोखंडाशी मिळून काळे पडते. ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने तीन डाग गेले, चौथ्यावर आता पायपुसणे आहे.

सागवानी :
 साग ओकपेक्षा अधिक कठीण असतो.

रंधा :
जांका कठीणपणा-मापनात पांढरा ओक सुमारे १,३५० आणि सागवान सुमारे १,०७० आहे. वाळवीच्या बाबतीत आपले म्हणणे बरोबर आहे. सागाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही, ओकला लावते. परंतु या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

सागवानी :
मी लाकडाविषयी बोलतो आहे, आकड्यांविषयी नव्हे.

चिपळूणचा ओक :
आडनावामुळे या धाग्यावर येणे भाग पडले. आमच्यातले कोणी फोमवर तरंगल्याचे ऐकिवात नाही.

शिळोप्याची ओटी :
सर्वांनी लाकडाची चर्चा केली, पण ती पुसणार कोण? आमच्याकडे येणाऱ्या ताई बादलीत फडके बुडवतात आणि तसेच निथळत जमिनीवर टाकतात. त्यांना चार वेळा सांगितले. पाचव्या वेळी त्यांनी मलाच विचारले, की मग पुसल्यासारखे वाटणार कसे? घट्ट पिळलेले फडके वापरणारी व्यक्ती घरात नसेल, तर ओक घेऊ नये. आमच्या जमिनीला तेलाचा हात आहे, वर्षातून एकदा पुन्हा द्यावा लागतो, पण डाग पडला तर तेवढाच भाग घासून दुरुस्त होतो. लॅकरच्या लेपाचे तसे नाही, एक जागा बिघडली की सगळी घासावी लागते. तेलाचीच घ्या.

तिसरा जिना :
लॅमिनेटला तेल लागत नाही.

उंबरठा :
सर्वांचे मनापासून आभार. काल निर्णय घेतला.

दुसरा नमुनाच घेतला, पण फक्त आईच्या खोलीपुरता. कपाटाखालची जागा सोडून १३५ फूट भरली. लाकूड ७०,२००, मजुरी, फोम, स्कर्टिंग आणि दरवाजा खालून कापणे मिळून २३,०००. आमच्या खोलीत टाइल्सच राहतील. चिकटवलेली नाही, तरंगतीच घेतली, कारण पुढे घर विकले तर खालच्या टाइल्स शाबूत हव्यात. तेलाऐवजी मॅट लॅकरची घेतली. दरवर्षी तेल देण्याचा उत्साह दुसऱ्याच वर्षी संपेल, इतकी मला स्वतःची ओळख आहे. आणि दसऱ्यापर्यंत थांबणार नाही, कारण आई घरात असताना तिचे कपाट आणि देव हलवणे अशक्य आहे. रंधा, आपल्या आणि गच्चीवरची बाग यांच्या अनुभवावरून कडेची फट १० ऐवजी १५ मिलिमीटर सोडायला सांगितली आहे. खोकी कालपासून त्याच खोलीत आडवी ठेवली आहेत.

रंधा :
फट खिडकीकडच्या भिंतीलाही सोडली आहे ना, ते स्वतः पट्टीने मोजा. सुतार तेथेच विसरतात. आणि त्या भिंतीला पावसात ओल येते का?

उंबरठा :
येत नाही. फट आज सकाळी मोजली, १३ भरली. सुताराला एक फळी पुन्हा काढायला लावली, तो अजून माझ्याशी बोलत नाही.

हळदुगे :
सर्व प्रतिसाद वाचलेले नाहीत. व्हिट्रिफाइड टाइल्सचा विचार केला आहे का?